ग्रीनलंडची कयाक बांधावी की अल्यूट बेटांची?

लाकडी सांगाड्यावर कापड ताणून स्वतःची कयाक, म्हणजे एकट्याने वल्हवायची अरुंद होडी, बांधायची म्हटलं की कोणीतरी सूत्र सांगतंच: पाण्यात टेकलेली लांबी फुटांत घ्या, वर्गमूळ काढा, १.३४ने गुणा, आला कमाल वेग नॉटमध्ये. ४.५ मीटरला तो ताशी साधारण ९.५ किलोमीटर येतो, ५ मीटरला १०. म्हणजे अर्धा मीटर वाढवून मिळाला अर्धा किलोमीटर. शिवाय इतक्या अरुंद होडीला ती काही भिंत नव्हे, तिथून पुढे होडीनेच उठवलेल्या लाटेचा विरोध झपाट्याने चढतो एवढंच. खरा प्रश्न असा की दिवसभर त्या वेगाने वल्हवणार कोण? आपण जातो पाच-सहाने. त्या वेगाला दमवतं ते तळाला घासणारं पाणी, आणि जास्तीची लांबी ते घर्षण वाढवते.

इथे अलास्काकडच्या अल्यूट बेटांची कयाक, रशियनांची ‘बैदार्का’, मला सरस वाटते. तिचा तळ लांबीच्या दिशेने जाणाऱ्या बऱ्याच पट्ट्यांमुळे गोलाईकडे झुकतो, आणि तेवढंच वजन पेलताना गोल तळाचा कमी भाग पाण्याला लागतो. तिची नाळ, म्हणजे पुढचं टोक, दुभंगलेली असते: खालचा पातळ भाग पाणी कापतो, वरचा लाटेत शिरताना टोक उचलून धरतो. उघड्या समुद्रात दूरवर समुद्री ऊदमांजरांच्या मागे जाणाऱ्यांची ही होडी. जुन्या कयाकींत कणा तीन तुकड्यांचा, सांध्यांत हाडाचे तुकडे. सांगाडा लाटेबरोबर लवचे. लवल्याने वेग वाढतो असंही म्हणतात, पण त्या भरवशावर मी निवड करणार नाही.

पश्चिम ग्रीनलंडची कयाक तळाला ‘व्ही’सारखी, कडा धारदार. घर्षण थोडं जास्त, पण कलवली की ती कड पाणी पकडते आणि होडी वळते. सीलजवळ गुपचूप जायचं म्हणून ती पाण्यालगत बुटकी. मागचा भाग इतका खाली की पाठ टेकवून उलटलेली होडी सरळ करणं सोपं जातं. पट्ट्याही कमी, म्हणून पहिल्यांदाच बांधणाऱ्याला हीच सुचवेन. सामान लादून लांब जायचं असेल तर मात्र बैदार्का, बांधायला वेळ जास्त गेला तरी.

कॅनडातल्या कॅरिबू इनुइटांची कयाक आणखी हलकी नि अरुंद, पण ती नदी-तळी पोहून जाणाऱ्या कॅरिबूंना (रेनडिअरना) गाठण्यासाठी, समुद्रासाठी नको.

ग्रीनलंडची ठरलीच, तर कोणाचा आराखडा उतरवू नका. तिथलं जुनं माप अंगावरचं आहे: लांबी तीन वाव (एक वाव म्हणजे दोन्ही हात पसरल्यावरचं अंतर), रुंदी कमरेएवढी अधिक दोन मुठी.