क्रिस्टलडिस्कइन्फो : स्टुडिओच्या कॉम्प्युटरवर अनेक महिने वापरल्यानंतर

क्रिस्टलडिस्कइन्फो हे फुकट मिळणारं जपानी सॉफ्टवेअर गेल्या दिवाळीपासून आमच्या फोटो स्टुडिओतल्या सगळ्या कॉम्प्युटरवर आहे. प्रत्येक हार्ड डिस्क स्वतःच्या तब्येतीची नोंद ठेवत असते, तिला स्मार्ट म्हणतात. ती नोंद हे सॉफ्टवेअर उघडून दाखवतं. निळा रंग म्हणजे ठीक, पिवळा म्हणजे सावध, लाल म्हणजे वाईट. पण नुसत्या रंगावर जाऊ नका. खराब सेक्टर (सेक्टर म्हणजे डिस्कवरचा डेटा ठेवायचा छोटा कप्पा) एक निघाला तरी पिवळा लागतो आणि चारशे निघाले तरी बहुतेक वेळा पिवळाच राहतो. आकडा वाढतोय की जागेवर आहे, हे रंगावरून कळत नाही.

म्हणून खालचा तक्ता वाचायचा. आकडे आधी हेक्साडेसिमलमध्ये, म्हणजे दहाऐवजी सोळाच्या हिशोबाने मोजायच्या पद्धतीत दिसतात. फंक्शन मेनूत ॲडव्हान्स्ड फीचरमध्ये जाऊन रॉ व्हॅल्यूज दशमान पद्धतीत करून घ्या, नाहीतर ‘१०’ दिसेल आणि खरा आकडा १६ असेल. मग चार ओळींवर लक्ष ठेवा. ०५ म्हणजे खराब सेक्टर बाद करून त्यांच्या जागी राखीव सेक्टर किती लावले. सी५ म्हणजे वाचताना अडखळलेले, अजून निकाल न लागलेले सेक्टर. सी६ म्हणजे जे वाचताच आले नाहीत ते. आणि सी७ ही डिस्क आणि मदरबोर्ड यांच्यामधल्या वाटेवरची गडबड, बहुतेक वेळा त्यांना जोडणाऱ्या साटा केबलची.

या सी७ नेच आमचे पैसे वाचवले. बिलिंगचं मशीन मध्येच गोठायचं, डिस्क गेली असंच सगळे म्हणत होते. रंग निळा, ०५ आणि सी५ शून्य, फक्त सी७ रोज चढत होता. केबल बदलली, चढणं थांबलं. जुना आकडा मात्र पुसला जात नाही, तो बघून घाबरू नका.

एडिटिंगच्या मशीनचं दुखणं मात्र खरं होतं. ऐन लग्नसराईत दोन टीबीच्या डिस्कवरचं एक फोल्डर उघडेना. टास्क मॅनेजरमध्ये डिस्क १०० टक्के आणि वेग जेमतेम काही केबी. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, म्हणजे विंडोजच्या घडामोडींच्या नोंदवहीत, ७ नंबरचा इव्हेंट, म्हणजे बॅड ब्लॉक. सी५ मध्ये १६, संध्याकाळपर्यंत ४८. (आकडे आठाच्या पटीत का? आतला खरा सेक्टर ४०९६ बाइटचा असतो आणि बऱ्याच डिस्क ५१२ बाइटच्या हिशोबाने मोजतात.) ओळखीच्या दुरुस्तीवाल्याने चेकडिस्क (विंडोजची डिस्क तपासून दुरुस्त करायची सोय) मारायला सांगितलं. मी ठाम नाही म्हणालो. चेकडिस्क अख्खी डिस्क घासून काढतं आणि वर तिच्यावरच लिहितं. मरणाऱ्या डिस्कवरून आधी डेटा काढायचा, बाकीचं नंतर.

त्यासाठी सिस्टमरेस्क्यू या बिघडलेल्या मशीनसाठीच्या लिनक्सचा पेनड्राइव्ह लावून मशीन चालू केलं आणि जीएनयू डीडीरेस्क्यू हे खराब डिस्कवरचा डेटा दुसऱ्या डिस्कवर उतरवणारं सॉफ्टवेअर वापरलं. हे मला मनापासून आवडलं. जिथे अडखळतं तिथे ते हट्ट धरत नाही, पुढे जाऊन आधी चांगला भाग उचलतं आणि अवघड तुकड्यांकडे शेवटी वळतं. काय झालं, काय राहिलं याची मॅपफाइल ठेवतं, त्यामुळे डिस्क तापली तर थांबवून नंतर तिथूनच पुढे चालू करता येतं. फक्त जुनी आणि नवी डिस्क सीरियल नंबरवरून दोनदा तपासा. उलटं लिहिलंत तर रिकामी डिस्क भरलेल्या डिस्कवर चढेल. आमच्या काही रॉ फाइल (कॅमेऱ्यातले मूळ फोटो) गेल्या, बाकी सगळी लग्नं सुखरूप मिळाली. डिस्क टकटक आवाज करत असेल तर मात्र यातलं काहीच करू नका. वीज बंद करा आणि डेटा रिकव्हरीच्या लॅबमध्ये न्या.

आता उणिवा. यूएसबी केसमधली डिस्क कधीकधी याला दिसतच नाही, कारण सगळ्या केस स्मार्टची माहिती पुढे देत नाहीत. सीगेटच्या डिस्कवर ०१ आणि ०७ मध्ये भलेमोठे आकडे दिसतात. ती त्यांची मोजायची पद्धत आहे, पण सॉफ्टवेअर ते समजावून सांगत नाही. सर्वात मोठी मर्यादा स्मार्टचीच आहे. गूगलने २००७ मध्ये स्वतःच्या डिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात बंद पडलेल्या डिस्कपैकी ५६ टक्क्यांहून जास्त डिस्कनी चार मुख्य लक्षणांपैकी एकही आधी दाखवलं नव्हतं. त्यामुळे निळा रंग असला तरी प्रत्येक लग्नाचे फोटो आमच्याकडे दोन डिस्कवर असतात आणि तिसरी प्रत घरी.

फंक्शन मेनूत रेसिडेंट आणि स्टार्टअप या दोन्हींवर टिक करून ठेवा, म्हणजे ते ट्रेमध्ये बसून लक्ष ठेवतं. आणि नवीन डिस्क आणली की डेटा चढवण्याआधी ०९ ची ओळ पाहा, तिथे डिस्क किती तास चालली ते असतं. बिल नव्या डिस्कचं आणि तास हजारांत असतील, तर त्याच दिवशी दुकानात परत न्या.