बाबांची दुनळी नावावर करताना : बंदूक प्रशिक्षणाची फी वसूल होते का?

फी साडेसहा हजार रुपये. काडतुसांचे पैसे वेगळे, वर कोल्हापुरातल्या लॉजचं भाडं आणि आंबोली घाट चढून जाण्यायेण्याचं पेट्रोल. काजूचा हंगाम तोंडावर असताना एवढा खर्च करावा का, असं आमच्या सावंतवाडी-दोडामार्ग भागातले बरेच जण विचारतात, कारण बापजाद्यांची बंदूक नावावर करून घेण्याची वेळ आता अनेक घरांत आली आहे. माझं उत्तर 'करावा' असं आहे. मात्र क्लब नीट निवडला तर, आणि घरात बंदूक खरोखर राहणार असेल तर.

माझ्यापुरतं सांगायचं, तर बाबांची 12 बोअरची दुनळी, म्हणजे दोन नळ्यांची बंदूक आहे. बाबांनी सत्तरी ओलांडली. 2016 च्या शस्त्र नियमांनुसार परवानाधारकाला 70 वर्षं पूर्ण झाली किंवा बंदूक 25 वर्षं त्याच्याकडे असली, की त्याच्या हयातीतच वारसाला परवान्यासाठी अर्ज करता येतो. भाऊ पुण्यात, बाग मी बघते, म्हणून अर्ज मी केला. ओरोसला जिल्हाधिकारी कार्यालयात कागदांची यादी मिळाली. त्यात वैद्यकीय दाखला होता, बंदूक घरात सुरक्षित ठेवण्याचं हमीपत्र होतं आणि शस्त्र हाताळणीच्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र होतं.

या प्रमाणपत्रापाशी दोन वाटा फुटतात. एका ठिकाणी मला फोनवर सांगितलं, की आधार कार्ड आणि पैसे पाठवा, कागद कुरिअरने येईल. मला हे ऐकून राग आला आणि अजूनही येतो. बंदुकीला कधी हात न लावलेल्या माणसाला 'प्रशिक्षित' ठरवणारा कागद विकणं म्हणजे त्याच्या घरातल्या पोरांच्या जिवाशी खेळणं आहे. मी कोल्हापूरच्या बाजूचा, स्वतःची रेंज, म्हणजे गोळीबाराच्या सरावाची जागा असलेला एक क्लब शोधला. पुढे लिहिते ते तिथल्या वर्गाबद्दल.

शिकवणारे सैन्यातून निवृत्त झालेले सुभेदार. वर्गात एक सराफ, बँकेच्या सुरक्षारक्षकाची नोकरी धरू पाहणारे काही तरुण, राधानगरीकडचे एक ऊसवाले आणि मी. बाई मी एकटीच, पण त्याचा बाऊ कुणी केला नाही आणि मला वेगळी सवलतही दिली नाही, हे मला आवडलं. पहिला सगळा वेळ बंदूक रिकामी करण्यात गेला. उघडा, दोन्ही नळ्यांत डोळ्यांनी बघा, अंधार असेल तर बोट घालून बघा, बंद करा. दुसऱ्याच्या हातात द्या. घेणाऱ्याने पुन्हा उघडून बघायचं, देणारा काहीही सांगो. लहानपणापासून बाबांकडून ऐकत आले होते, "बाय, बंदूक भरलेलीच आसा असां समजानच हात लाव." पण ऐकणं वेगळं आणि इतक्या वेळा करून ते हातात मुरणं वेगळं.

फीचे निम्मे पैसे माझ्या मते एका तासात वसूल झाले. तो तास काडतुसांचा होता. सुभेदारांनी 20 बोअरचं काडतूस (आकडा मोठा, पण काडतूस 12 बोअरपेक्षा बारीक) 12 बोअरच्या नळीत सोडून दाखवलं. ते आत घसरतं आणि थोडं पुढे जाऊन अडकतं. मागची जागा रिकामी दिसते, त्यामुळे माणूस 'भरायचं राहिलं' असं समजून 12 बोअरचं काडतूस घालतो, आणि तेही नीट बसतं. चाप ओढला की नळी फुटते, नेमकी डावा हात असतो तिथे. आमच्या घरात काकांची 20 बोअरची बंदूक होती, तिच्या परवान्यासकट. दोन्ही बंदुकांची काडतुसं वर्षानुवर्षं एकाच कपाटात, एकाच खणात होती. काका गेल्यावर त्यांची बंदूक पोलीस ठाण्यात जमा झाली. पण त्याआधीच्या पावसाळ्यांतल्या रात्री, वीज गेलेली, बाग धुंडाळायला निघालेली माणसं आठवून मी त्या वर्गात सुन्न झाले. हे आम्हाला कुणी कधी सांगितलंच नव्हतं.

दुसरी गोष्ट बंदुकीवरच्या सेफ्टीच्या खटक्याची. गावात समज असा, की सेफ्टी लावली म्हणजे भरलेली बंदूक खांद्यावर टाकून कुठेही जावं. "ताई, ही सेफ्टी फक्त चाप अडवते. आतला घोडा, काडतुसावर आपटतो तो, ताणलेलाच राहतो," असं म्हणत त्यांनी दुनळीची रचना उघडून दाखवली. बऱ्याच दुनळ्यांत असंच असतं, जोरात आपटली तर सेफ्टी लावलेली असूनही बार उडू शकतो. म्हणून गडगा (दगडी बांध) ओलांडताना, व्हाळात (ओढ्यात) उतरताना, जीपमध्ये चढताना बंदूक उघडायची आणि काडतुसं बाहेर काढायची. आमच्या बागेत जांभ्याचे गडगे पावलोपावली आहेत. मी आल्यावर बाबांना हे सांगितलं, तर ते शांतपणे ऐकत राहिले आणि मग त्यांनी त्यांच्या तरुणपणी गडग्यावरून पडून दगावलेल्या एका गाववाल्याची हकिकत सांगितली. ती मी पहिल्यांदाच ऐकली.

प्रत्यक्ष गोळीबार झाला तो मोजकाच. 12 बोअरचं एक काडतूस शंभर-सव्वाशेच्या घरात पडतं, त्यामुळे क्लब हात आखडता घेतात. आम्ही वापरली ती खडकीच्या दारूगोळा कारखान्याची 'शक्तिमान'. कुंदा, म्हणजे बंदुकीचा मागचा लाकडी भाग, खांद्याच्या खळग्यात घट्ट, गाल कुंद्याला टेकलेला, डावा पाय पुढे. कुंदा सैल धरला तर खांदा काळानिळा होतो. त्याहून महत्त्वाचं म्हणजे कागदावर छर्रे कसे पसरतात ते दिसलं. 15 मीटरवर ताटाएवढ्या जागेत बसलेले छर्रे दुप्पट अंतरावर कागदभर विखुरले. एलजी नावाच्या काडतुसातले मोठे छर्रे तर लक्ष्य चुकवून पुढे गेले, तरी शंभर मीटरच्या पलीकडेही माणसाला जखमी करण्याइतका जोर धरून असतात. जांभ्याच्या कातळावर आपटून दिशा बदलतात ते वेगळंच. 'डुक्कर समजून' माणसाला गोळी लागल्याच्या बातम्या आपण वाचतो, त्यामागे बहुधा हेच असतं : हललेल्या झुडपावर नेम धरला, पण त्याच्या मागे काय आहे ते पाहिलं नाही.

कायद्याचा तास एका वकिलांनी घेतला आणि तो मला अपेक्षेपेक्षा फार उपयोगी वाटला. बंदुकीचा परवाना म्हणजे शिकारीचा परवाना नव्हे, हे आमच्याकडे कित्येकांना आजही पटत नाही. बागेत घुसलेल्या रानडुकरावर गोळी झाडायची तर 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली वनखात्याची परवानगी वेगळी लागते. काजू चोरतोय एवढ्याच कारणाने तर ती कुणावर झाडताच येत नाही. भारतीय न्याय संहितेत स्वसंरक्षणाचा हक्क 34 ते 44 या कलमांत आहे. मालमत्तेसाठी जीव घेण्याइतकं बळ वापरण्याची मुभा दरोडा, रात्रीची घरफोडी, राहत्या घराला आग लावणं अशा मोजक्याच प्रसंगी मिळते. साध्या चोरीत जिवावर बेतण्याची किंवा जबर दुखापतीची रास्त भीती असावी लागते. परवाना माझ्या नावावर, म्हणजे परवान्यावर नाव नसलेल्या बागेतल्या गड्याच्या हाती 'जरा बघून ये' म्हणून बंदूक देता येत नाही. आणि लग्नात किंवा शिमग्यात हौसेने हवेत बार काढला, कुणाच्या जिवाला धोका झाला, तर शस्त्र कायद्यातल्या 2019 च्या दुरुस्तीनंतर 2 वर्षांपर्यंत कैद किंवा 1 लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही.

आता उणिवा. सगळं शिक्षण लख्ख उजेडात, सपाट जमिनीवर झालं. आमच्याकडे जनावर येतं रात्री, उतारावर, भर पावसात. एका हातात विजेरी असताना बंदूक कशी धरायची, किंवा तेव्हा ती बाहेर काढूच नये का, यावर मी विचारलं तेव्हा उत्तर मिळालं, पण सराव मिळाला नाही. दुसरं, सराव क्लबच्या बंदुकीवर झाला. बाबांच्या दुनळीचा कुंदा माझ्या हाताला लांब पडतो, हे घरी आल्यावर कळलं. ती सावंतवाडीत कारागिराकडे नेली, तेव्हा डाव्या नळीत गंजाचे खड्डे निघाले. कोकणातल्या दमट हवेत आणि निवडणूक आली की पोलीस ठाण्यात महिनोन्महिने जमा राहिलेल्या बंदुकांची हीच गत होते. नळीत कुंभारमाशीने मातीचं घर बांधलेलं असू शकतं, याचाही उल्लेख वर्गात नव्हता. बंदुकीची निगा या विषयाला फार थोडा वेळ दिला, आणि या फीमध्ये तो जास्त मिळायलाच हवा होता.

तिसरी गोष्ट मला खटकली. जेवणाच्या सुट्टीत क्लबच्या एका माणसाने सराफांना आणि मला पिस्तूल घेण्याचा आग्रह सुरू केला, 'बाईमाणसाला तेच सोयीचं' असं म्हणत. प्रशिक्षणाच्या जागी विक्रीचं बोलणं नको. सुभेदारांच्या कानावर घातलं, त्यांनी ते लगेच थांबवलं, याचं श्रेय त्यांना.

ज्यांच्या घरात बंदूक नाही आणि केवळ चोरांच्या भीतीने ती घ्यावी असं वाटतंय, त्यांनी हे पैसे आधी दारं, कड्या, अंगणातला दिवा आणि एक चांगला कुत्रा यांवर घालावेत. ज्यांना नेमबाजीची आवड आहे, त्यांच्यासाठी 10 मीटर एअर रायफलचा मासिक वर्ग स्वस्त आणि कितीतरी अधिक शिकवणारा आहे. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे 2024 ला पॅरिस ऑलिंपिकमध्ये नेमबाजीतल्या 50 मीटर रायफल थ्री पोझिशनचं कांस्यपदक घेऊन आला, तेव्हापासून कोल्हापुरात असे वर्ग शोधणाऱ्या आईबापांना वाट विचारावी लागत नाही. पण वारशाने बंदूक घरात येणार असेल, तर साडेसहा हजार जास्त नाहीत. ती बंदूक पोलीस ठाण्यात कायमची जमा करायची नसेल, तर हे शिकल्याशिवाय ती घरात ठेवू नये, असं मी आता आमच्या वाडीत उघडपणे सांगते.

पैसे भरण्याआधी फोनवर विचारा : प्रत्येकाच्या वाट्याला किती काडतुसं येतील, शिकवणारा एका वेळी किती जणांना रेंजवर उभं करतो, आणि दुनळीवरच सराव होईल की फक्त एअर रायफलवर. शेवटच्या प्रश्नावर जो क्लब आढेवेढे घेईल, तिथे जाऊ नका. बाबांचा आणि माझा विचार असा झालाय, की पावसाळ्याआधी भाऊही हाच वर्ग करेल. परवाना त्याच्या नावावर नसला तरी घराच्या किल्ल्या त्याच्याकडेही आहेत. त्याची फी बाबा देणार आहेत.