उंच सी-३०६ की बुटका लोकवन?

मेव्हण्याचा फोन आला, "दाजी, विहिरीत दोनच पाळ्यांचं पाणी आहे. गहू सी-३०६ पेरू की लोकवन?" पिशवीवरची जाहिरात बाजूला ठेव म्हटलं, आधी उंची बघ.

लोकवन बुटका आहे, कारण बुटकेपणाचा जनुक जपानी नोरिन-१० या गव्हाच्या वाणाकडून मेक्सिकोमार्गे आपल्याकडे आला. या जनुकामुळे वाढीला ब्रेक लावणारं प्रथिन उंची वाढवणाऱ्या जिबरेलिन संप्रेरकाला दाद देत नाही, म्हणून कांड्या आखूड राहतात. सी-३०६ मध्ये हा जनुक नाही.

खत-पाणी: लोकवनला युरिया आणि पाच-सहा पाळ्या द्या, तो उभाच राहतो आणि वाचलेली ताकद दाण्यात घालतो. सी-३०६ ला तेवढंच द्याल तर ओंब्या भरल्यावर एका रात्रीच्या वाऱ्यात तो लोळतो. बुडाशी मुडपलेली काडं विळ्याने उचलत कापणं काय असतं, हे मी भोगलंय.

पेरणी: हे कुणी सांगत नाही. त्याच जनुकाने कोंबाचं आवरणही आखूड होतं. ओल खाली गेली म्हणून लोकवन खोल पेरला, तर आवरण वरपर्यंत पोचत नाही आणि पान मातीतच चुरगळून पिवळं पडतं. सी-३०६ तिथून वर येतो.

भुसा सी-३०६ चा जास्त. पोळी? त्याचीच.

पाणी हमखास असेल तर लोकवन. मेव्हण्यासारखी दोन पाळ्या आणि दावणीला चार जनावरं असतील तर सी-३०६, युरिया मात्र हात राखून.