डुअल बूट की व्हर्च्युअल मशीन? ८ जीबी रॅमवाल्यांसाठी

माझा भाचा कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात एका वर्कशॉपची ड्रॉइंगं कॅड सॉफ्टवेअरवर करतो आणि कॉलेजही करतो. परवा लॅपटॉप घेऊन आला. "मामा, कॅडला विंडोज पाहिजे, कॉलेजात लिनक्स लागतंय. दोन्ही टाकल्यापासून मशीन नुसतं रखडतंय."

दोष दोन सिस्टीमचा नव्हता. डुअल बूट म्हणजे एकाच मशीनवर दोन सिस्टीम टाकायच्या आणि चालू करताना एक निवडायची. त्यात एका वेळी एकच सिस्टीम चालते. विंडोज चालू असताना उबंटू (लिनक्सचाच एक प्रकार) डिस्कवर गप पडून असतं, रॅमला हात लावत नाही. रखडण्याचं कारण जागेत होतं. उबंटूसाठी विंडोजचा सी ड्राइव्ह इतका आवळला होता की विंडोजला अपडेट उतरवायलाही जागा उरेना. वर डिस्क फिरत्या तबकडीची. अशा डिस्कवर शेवटी काढलेलं पार्टिशन (डिस्कचा वेगळा केलेला भाग) सहसा तबकडीच्या आतल्या भागात जातं आणि तिथं वाचायचा वेग मुळातच कमी.

व्हर्च्युअल मशीन म्हणजे मशीनच्या आत चालणारं दुसरं मशीन. ते बनवणाऱ्या व्हर्च्युअलबॉक्स सॉफ्टवेअरचा हिशेब वेगळा. विंडोज चालू ठेवूनच उबंटू खिडकीत उघडतं. रीस्टार्टची कटकट नाही, बिघडलं तर पुसून नवं टाकायचं. शिकायला झकास. पण ८ पैकी ४ जीबी त्याला दिले की कॅड उघडताना विंडोजची उपासमार. उलटं करून कॅड व्हर्च्युअल मशीनमध्ये चालवायचं तर मनातही आणू नका. ग्राफिक्स कार्डाची पुरती ताकद तिथवर पोचत नाही.

नुसतं टर्मिनल (कमांड टाइप करायची खिडकी) आणि सी, पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषा एवढंच असेल तर डब्ल्यूएसएल (विंडोजच्या आतच लिनक्स चालवायची सोय) बघा. तेही रॅम खातं, पण मर्यादा घालता येते. फायली मात्र लिनक्सच्याच होम फोल्डरात ठेवा, सी ड्राइव्हवरून चालवल्या की काम मंदावतं.

डुअल बूट करणारच असाल तर आधी बॅकअप घ्या, बिटलॉकर या विंडोजच्या डिस्क-कुलपाची रिकव्हरी की कागदावर लिहा आणि विंडोजचं फास्ट स्टार्टअप बंद करा. ते चालू राहिलं तर विंडोज अर्धवट झोपतं आणि लिनक्सला त्या ड्राइव्हवर धड लिहिता येत नाही.

भाच्याला कॅड आणि लिनक्स दोन्ही पुऱ्या दमानं लागतात, म्हणून डुअल बूटच ठेवलं. फक्त राजारामपुरीतून एसएसडी (फिरती तबकडी नसलेली वेगवान डिस्क) बसवून आणली आणि सी ड्राइव्हला मोकळी जागा सोडली. मशीन पळायला लागलं. दुसऱ्या दिवशी फोन: "मामा, विंडोजचं घड्याळ साडेपाच तास मागं!" लिनक्स मशीनच्या घड्याळात जागतिक वेळ लिहितं, विंडोज तीच इथली समजतं. लिनक्समध्ये एका कमांडचं काम, पण पोरगं आधी मशीनच्या घड्याळाचा सेल बदलायला निघालं होतं.