पेन विद्यापीठाची ‘कॉल फॉर पेपर्स’ यादी : काही महिन्यांच्या वापरानंतर

साहित्यात पीएच.डी. करणाऱ्यांनी परिषदा शोधण्यासाठी पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या इंग्रजी विभागाची ‘कॉल फॉर पेपर्स’ (निबंध पाठवण्याच्या आवाहनांची) ऑनलाइन यादी वापरावी, असे माझे मत झाले आहे. मात्र ती कशी वापरायची हे आधी समजून घ्यायला हवे. नियतकालिकांचे विशेषांक, संपादित ग्रंथ आणि परिषदा या सर्वांची आवाहने तेथे एकत्रच येतात. म्हणून रोज सगळी यादी चाळत बसण्यापेक्षा ‘ग्रॅज्युएट कॉन्फरन्सेस’ (संशोधक विद्यार्थ्यांच्या परिषदा) आणि ‘पोस्टकलोनियल’ (वसाहतोत्तर साहित्य) हे विभाग थेट उघडावेत.

मला खरा उपयोग झाला तो पॅनेल, म्हणजे परिषदेतले एका विषयावरचे सत्र, निवडताना. अमेरिकेतील नॉर्थईस्ट मॉडर्न लँग्वेज असोसिएशनच्या मार्चमधल्या अधिवेशनासाठी अनेक संयोजक आपापल्या पॅनेलचे आवाहन येथे स्वतंत्रपणे देतात, त्यामुळे आपल्या प्रबंधातल्या प्रकरणाशी जुळणारा विषय नेमका हाती लागतो. निबंधाचा सारांश असोसिएशनच्या पोर्टलवरच भरायचा असतो आणि मुदत साधारणपणे सप्टेंबरअखेर संपते. म्हणजे मार्चमधल्या प्रवासाचा विचार, आणि अर्थातच खर्चाचा, गणपती-नवरात्राच्या सुमारासच करावा लागतो. मॉडर्न लँग्वेज असोसिएशनचे (एमएलए) अधिवेशन जानेवारीत असते, पण त्याची बहुतेक आवाहने आदल्या मार्चमध्येच बंद होतात. विद्यार्थ्याच्या दृष्टीने अमेरिकन कंपॅरेटिव्ह लिटरेचर असोसिएशनची पद्धत मला सर्वांत हिताची वाटते, कारण तेथे एका सेमिनारात साधारण ८ ते १२ निबंध असतात आणि तोच गट दोन-तीन दिवस रोज भेटत असल्याने पहिल्या दिवशी निघालेला मुद्दा पुढे खरोखर चर्चिला जातो.

ईमेलवर परिषदांची सूचना देणारी एक सेवाही मी लावून पाहिली. तिच्याकडून आलेल्या एका निमंत्रणात साहित्य, नर्सिंग आणि सिव्हिल इंजिनिअरिंग यांच्या ‘आंतरराष्ट्रीय’ परिषदा एकाच हॉटेलात, एकाच तारखांना होत्या. विषयाबद्दल दोन ओळी आणि शुल्काचा तक्ता मात्र पानभर! ती सेवा लगेच बंद केली. आवाहनात संयोजकाचा विभाग, विषयाची नीट मांडणी आणि सारांशाची शब्दमर्यादा नसेल, तर पुढे वाचू नये.

मराठी कादंबरी किंवा दलित साहित्य हा विषय असलेल्यांचे या यादीवर पूर्णपणे भागणार नाही, कारण ‘पोस्टकलोनियल’ विभागात मला मुख्यतः इंग्रजी लेखनावरचीच आवाहने दिसली. विस्कॉन्सिन विद्यापीठातर्फे मॅडिसनला दर ऑक्टोबरात भरणाऱ्या दक्षिण आशियाविषयक परिषदेकडे त्यांनी वेगळे लक्ष ठेवावे. तिच्या प्रस्तावांची मुदत काही महिने आधीच संपलेली असते.