सागाचं कपाट गेलं, प्लायचं आलं

आमच्या नौपाड्याच्या घरात सासूबाईंचं सागवानी कपाट होतं, 1968 साली त्यांच्या लग्नात आलेलं. रंग काळवंडला होता, म्हणून पॉलिश करायचं ठरवलं.

पॉलिशबद्दल मी भरपूर वाचलं. फ्रेंच पॉलिश म्हणजे स्पिरिटमध्ये विरघळवलेली लाख, हाताने घासून लावतात, गरम कप ठेवला की पांढरा डाग पडतो. मेलामाइन हे रासायनिक पॉलिश त्याहून टणक, पीयू म्हणजे पॉलियुरेथेनचं पॉलिश टिकाऊ पण महाग. ओळखीतून आलेल्या माणसाला मी यावरून इतकं पिडलं की तो मनात हसला असणार. लाकडाबद्दल मात्र एक अक्षर विचारलं नाही.

भाव ठरला 22 हजार, 10 हजार आगाऊ. "पीयूचा फवारा घरात मारला तर धूळ चिकटते मॅडम, वर्कशॉपलाच न्यावं लागेल." यात थोडं तथ्य असतं, म्हणूनच पटलं. लिफ्ट नाही, तिसरा मजला. दारं उतरवताना दोन माणसं प्रत्येक जिन्यावर थांबून धापा टाकत होती.

आठवड्याने फोन आला: आतून वाळवी लागलीय, फळ्या बदलाव्या लागतील, चार हजार वाढतील. फोटोही पाठवला. इथेच मी थांबायला हवं होतं. जुन्या सागाच्या गाभ्याला वाळवी सहसा लागत नाही, लागली तर कडेच्या फिकट भागाला. फोटोत फळीचा तुकडा होता, तो आमच्या कपाटाचा कशावरून? मी "चालेल" म्हणून मोकळी झाले.

कपाट परत आलं ते आरशासारखं चमकत. एकच पोरगा दोन्ही दारं डोक्यावर घेऊन धावत वर आला आणि मी त्याला "काय ताकद आहे रे!" म्हणून सरबत दिलं. उरलेले 16 हजार तिथल्या तिथे यूपीआयने पाठवले.

सासूबाईंनी खण ओढला, आत हात फिरवला आणि म्हणाल्या, "अगं, हे आपलं नव्हे."

जुन्या खणांच्या कोपऱ्यांत खिळा नव्हता, बोटांत बोटं गुंफावीत तसा जोड होता. इथे खिळे. दाराच्या कडेची पट्टी नखाने उचकटली तर खाली प्लायचे थर दिसले, वर सागाचा व्हीनियर, म्हणजे चिकटवलेला पातळ पापुद्रा. दोन्ही दारांवरच्या रेघाही हुबेहूब सारख्या. अस्सल फळ्यांत असं होत नाही. जुन्या, मुरलेल्या सागाला चांगला भाव येतो, तो कुणाच्या खिशात गेला हे सांगायला नको.

तो माणूस म्हणाला, "तुमचंच आहे, पॉलिशमुळे वेगळं वाटतं." मग फोन बंद. 1915 वर ग्राहक हेल्पलाइनला तक्रार केली. ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, तेही करणार आहे. पण बिल नाही, "सागवान" शब्द कुठे लिहून घेतलेला नाही, आधीचे फोटो नाहीत. आहे तो एक दिवाळीचा फोटो, त्यात कपाटाचा अर्धा कोपरा नणंदेच्या मागे. तुम्ही देणार असाल तर प्रत्येक फळीचा मागून-पुढून फोटो काढा, आतल्या बाजूला पेनने सही करा, खण वजनकाट्यावर ठेवून आकडा लिहून घ्या. शक्यतो हाताचं पॉलिश घरीच करून घ्या, स्पिरिटचा वास दोन दिवस सोसा.

पुरावा म्हणावा तर एकच उरलाय. नेताना सासूबाईंनी औषधांचा खण रिकामा करायला साफ नकार दिला होता, तो दिवाणावरच राहिला. आता तो काळाकुट्ट खण त्या चकचकीत कपाटात बसवलाय. थोडा अडकतो. त्याला पॉलिश करायचं नाव मी काढलेलं नाही.