निवृत्तीचा पैसा: बासष्टीला सोयीचा की ब्याऐंशीला झेपणारा?

अण्णांचा स्टीलचा डबा आम्ही उघडला तेव्हा ते ७९ वर्षांचे होते. आत चार बँकांच्या एफडीच्या सतरा पावत्या होत्या. रबर लावून गठ्ठे केलेले, प्रत्येक पावतीवर त्यांच्या रेखीव अक्षरात मुदतीची तारीख. त्यातल्या तीन पावत्यांची मुदत उलटून दोन वर्षं होऊन गेली होती. मुदतीनंतर पडून राहिलेल्या ठेवीला बचत खात्याचा दर किंवा ठेवीचा मूळ दर, यांतला जो कमी तोच मिळतो. म्हणजे दोन वर्षांचं व्याज जवळपास बुडालंच. आयुष्यभर हिशेबाच्या वहीत एका पैशाची चूक न केलेला माणूस ती पावती हातात धरून नुसता बघत राहिला.

तेव्हापासून पीएफ-ग्रॅच्युइटीचे पैसे कुठे ठेवू असं कोणी विचारलं, की दरांचं बोलण्याआधी मी एक गोष्ट विचारते: हे तुम्हाला ८२व्या वर्षी झेपेल का? २००९ साली अमेरिकेतल्या अर्थतज्ज्ञांनी कर्ज आणि क्रेडिट कार्डांच्या व्यवहारांत माणसं किती चुका करतात ते वयानुसार तपासलं. सर्वांत कमी चुका साधारण ५३व्या वर्षी होतात असं त्यांना आढळलं. तिथल्याच २०२० च्या एका अभ्यासात डिमेन्शियाचं, म्हणजे स्मृतिभ्रंशाचं, निदान होण्याच्या सहा वर्षं आधीपासून बिलं थकायला लागलेली दिसली. आपल्याकडे साठीपुढच्या १०० जणांत सात-साडेसात जणांना डिमेन्शिया असावा असा अंदाज आहे. बाकीच्यांचंही डोकं साठीत होतं तितकं ऐंशीत चपळ राहत नाही.

आता पर्यायांकडे येऊ.

ज्येष्ठ नागरिक बचत योजना, म्हणजे एससीएसएस, बहुतेकांनी आधी बघावी. हे लिहिताना दर ८.२ टक्के आहे आणि कमाल मर्यादा ३० लाख. पूर्ण रक्कम ठेवली तर दर तिमाहीला ६१,५०० रुपये आपोआप खात्यात येतात. सरकारची हमी आहे. कमी पडते ती एका जागी. पाच वर्षांची मुदत संपली की तीन-तीन वर्षांनी वाढवता येते, पण दर वेळी अर्ज द्यावा लागतो आणि त्या वेळी चालू असलेला दर लागू होतो. बासष्टीत खातं उघडलं तर ६७, ७०, ७३, ७६, ७९, ८२ अशा सहा वेळा आठवणीने फॉर्म भरणं आलं.

ॲन्युइटी, उदाहरणार्थ एलआयसीची जीवन अक्षय, याच्या बरोबर उलट. एकदा रक्कम भरली की निर्णय संपले, पेन्शन जन्मभर चालू राहते. जोडीदाराला पुढे तीच पेन्शन मिळावी किंवा मूळ रक्कम वारसांना परत जावी असे पर्याय घेता येतात. विसरभोळेपणापासून इतकं संरक्षण दुसरीकडे मिळत नाही. त्याची किंमतही मोठी आहे. बहुतेक पर्यायांत पेन्शनचा आकडा वाढत नाही. महागाई ६ टक्क्यांनी वाढत गेली तर आजच्या ५०,००० रुपयांत वीस वर्षांनी आजच्या साडेपंधरा हजारांइतकंच सामान येईल. आलेली सगळी पेन्शन करपात्र उत्पन्नात धरली जाते, आणि अडीनडीला मोडायची सोय मोजक्याच पर्यायांत असते. मात्र खरेदीच्या वेळी वय जितकं जास्त तितका दर चांगला मिळतो, विशेषतः मूळ रक्कम परत न मिळणाऱ्या पर्यायात. म्हणून साठाव्या वर्षी सगळी रक्कम ॲन्युइटीत घालायची घाई करू नये असं माझं स्पष्ट मत आहे. सत्तरीपर्यंत एससीएसएस चालवा. मुदत संपेल तेव्हा, डोकं खणखणीत असताना, घरखर्चापुरती रक्कम ॲन्युइटीत वळवा.

म्युच्युअल फंडातून एसडब्ल्यूपीने दरमहा ठरावीक रक्कम काढणारे हल्ली बरेच भेटतात. शेअर्सचा भाग असेल तर महागाईला टक्कर देण्याची ताकद त्यात आहे, आणि कर फक्त नफ्याच्या भागावर बसतो. ज्यांना अजून पंचवीस वर्षं काढायची आहेत त्यांनी थोडा पैसा असा ठेवायलाच हवा. पण जानेवारी २०२० मध्ये ४२ हजारांवर गेलेला सेन्सेक्स २३ मार्चला २६ हजारांच्या खाली बंद झाला होता. त्या दिवशी शांत बसणं साठीच्या माणसाला जमेल. ऐंशीच्या, एकट्या राहणाऱ्या माणसाला रात्रभर झोप लागणार नाही.

पोस्टाची मासिक योजना बरी आहे, ७.४ टक्के, एकट्याच्या नावावर ९ लाखांपर्यंत. एससीएसएस भरल्यावर उरलेल्या पैशांसाठी ती ठीक. सहकारी बँकेत अर्धा-पाऊण टक्का जास्त मिळतो म्हणून सगळं तिथे नेऊ नका. ठेवविम्याचं संरक्षण एका बँकेत एका माणसाला व्याजासकट ५ लाखांपर्यंतच आहे. २०१९ मध्ये पीएमसी या सहकारी बँकेवर निर्बंध आले तेव्हा रांगेत उभे राहिलेले कितीतरी ज्येष्ठच होते.

आणखी एक फरक दरांच्या तक्त्यात कुठेच दिसत नाही. ‘डिजिटल अरेस्ट’वाले, म्हणजे पोलीस असल्याची बतावणी करणारे ठग, व्हिडिओ कॉलवर माणसाला तासन्‌तास धरून ठेवतात आणि जे मोबाइलवरून हलवता येतं ते हलवून घेतात. बचत खातं, ऑनलाइन एफडी, ॲपमधला फंड हे सगळं त्यांच्या आवाक्यात येतं. एससीएसएस मोडायला सहसा शाखेत जाऊन फॉर्म भरावा लागतो, आणि ॲन्युइटी तर हलतच नाही. तरुणपणी जी अडचण वाटते ती म्हातारपणी कडी-कुलपाचं काम करते. तरीही फसवणूक झालीच तर त्याच क्षणी १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा.

“व्यवहार स्वतः बघतो म्हणून डोकं शाबूत आहे,” असं पुष्कळ जण म्हणतात. अण्णाही म्हणायचे. त्या तीन पावत्यांचं खरं कारण मात्र वेगळंच निघालं. काउंटरवरच्या मुलीने काचेपलीकडून विचारलं असणार, “काका, ऑटो रिन्यूअल नको ना?” आणि अण्णांनी मान डोलावली असणार. त्यांना ऐकूच आलं नव्हतं. चार वर्षं त्यांनी श्रवणयंत्र घेतलं नव्हतं, कशाला उगाच खर्च म्हणून. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या २०२४ च्या आयोगाने डिमेन्शियाची १४ टाळता येण्याजोगी कारणं सांगितली. त्यांत कमी ऐकू येणं, नजर अधू होणं, रक्तदाब, मधुमेह आणि एकटेपणा आहेत. ही सगळी कारणं आवरली तर जवळपास ४५ टक्के प्रकरणं टाळता किंवा लांबवता यावीत, असा त्यांचा अंदाज आहे. त्यामुळे गुंतवणुकीची तुलना करताना श्रवणयंत्र, मोतीबिंदूचं ऑपरेशन आणि गावातल्या भजनी मंडळापर्यंतचं रिक्षाभाडं हे खर्चही त्याच कागदावर लिहा. पाव टक्का जादा व्याज शोधण्यापेक्षा त्यांतून जास्त हाती लागतं.

कागदपत्रांत मुखत्यारपत्रावर विसंबू नका. माणूस स्वतः निर्णय घ्यायला असमर्थ झाला की साधं मुखत्यारपत्र संपतं, म्हणजे नेमकं गरजेच्या वेळी निकामी होतं. मग पालक नेमून घेण्यासाठी कुटुंबाला उच्च न्यायालयाचे उंबरठे झिजवावे लागतात. रोजच्या खर्चाचं खातं ‘दोघांपैकी कोणीही किंवा हयात असेल तो’ या पद्धतीने संयुक्त करणं जास्त उपयोगी. नामांकन सगळीकडे करा, पण त्याचा उपयोग माणूस गेल्यावर. हयातीत त्याने एक रुपयाही काढता येत नाही. एससीएसएसमध्ये संयुक्त खातं फक्त जोडीदाराबरोबर उघडता येतं, हे विधवा-विधुरांनी लक्षात घ्यावं.

अण्णांच्या सतरा पावत्या आता वहीच्या एका पानावर मावतात. ३० लाख एससीएसएसमध्ये, थोडी रक्कम ॲन्युइटीत, आणि दोन लाख त्यांच्या स्वतःच्या खात्यात, ज्याचा हिशेब आम्ही विचारत नाही. जानेवारी, एप्रिल, जुलै, ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात ते पासबुक भरायला जातात. मी बरोबर असते. कानात यंत्र असतं, काउंटरवर ते स्वतः बोलतात, आणि ती मुलगी काय म्हणाली ते रिक्षात बसल्यावर मला शब्दन्‌शब्द सांगतात.